ब दर्जाचे तीस लाख : एका छोट्या मराठी चित्रपटाची फाईल

गेली बावीस वर्षं मी मराठी चित्रपटांचे आणि मालिकांचे हिशेब ठेवते. दादरच्या माझ्या खोलीत भिंतभर फाईली आहेत. त्यातली एक मी अजून कपाटात वर ठेवलेली नाही, टेबलाच्या खणातच असते. मराठी चित्रपटाला सरकार काय देतं असं कुणी विचारलं की मी ती काढते.

चित्रपटाचं नाव लिहीत नाही. निर्मातीचं काही देणं अजून फिटायचं आहे आणि तिला ते शांतपणे फेडू द्यावं असं मला वाटतं. आकडे मात्र फाईलमधलेच आहेत. मराठी चित्रपटाला सरकारी मदत मिळते, आणि ती नाममात्र नसते, हे मी आधीच सांगते. या चित्रपटाला ती मिळाली. माझं म्हणणं ती कधी मिळाली याबद्दल आहे.

घर गहाण

गोष्ट गिरणगावातली होती. गिरणी बंद पडल्यावर चाळीतली एक खोली तीन भावंडांत कशी वाटली जाते, एवढीच. दिग्दर्शक प्रायोगिक रंगभूमीवरचा, पहिलाच चित्रपट. निर्माती डोंबिवलीची. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा अंबरनाथला सुट्या भागांचा छोटा कारखाना होता. सिनेमाशी संबंध एवढाच की तिचे वडील गिरणीत होते आणि पटकथा ऐकताना ती उठून आत निघून गेली. परत आली ती ‘करू या’ म्हणतच.

चित्रपट उभा करायला १ कोटी ४१ लाख लागले. पुढे प्रदर्शन आणि जाहिरातीला ३७ लाख. एकूण १ कोटी ७८ लाख. त्यातले ७० लाख साठवलेले आणि डोंबिवलीचं घर गहाण ठेवून आलेले. ४८ लाख नातेवाइकांचे आणि दोन मित्रांचे. उरलेले ६० लाख एका खासगी फायनान्सरकडून, महिना दोन टक्क्यांनी. पहिला चित्रपट, नाव नसलेला दिग्दर्शक आणि हातात वाहिनीचा करार नाही, अशा निर्मात्याला बँक दारात उभं करत नाही, त्यामुळे हाच रस्ता उरतो. ऑक्टोबर २०१८च्या अखेरीला पैसे आले. त्या दिवसापासून दरमहा १ लाख २० हजार रुपये व्याज चालू झालं. हा आकडा लक्षात असू द्या.

चित्रनगरीतले नऊ दिवस

सत्तावीस दिवसांच्या शेड्यूलमधले नऊ दिवस गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत होते. ज्या महामंडळाची ही जागा, त्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ. १९७७ साली राज्य सरकारने ते स्थापन केलं. आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या कुशीत पाचशेहून जास्त एकर जमीन त्याच्या ताब्यात आहे. २००१ साली चित्रनगरीला फाळक्यांचं नाव मिळालं. आपल्या माणसांच्या तोंडी ती अजून फिल्मसिटीच आहे.

सरकारी मदत म्हटली की सगळे अनुदानाकडे बघतात. माझ्या हिशेबात या चित्रपटाला सर्वांत सुखाची मदत झाली ती या जमिनीची. मराठी चित्रपट म्हणून भाड्यात सवलत मिळालीच, पण त्याहून महत्त्वाची ती कुंपणाची सोय. आत आलं की रस्ता आपला. लालबागच्या खऱ्या रस्त्यावर एक दिवस काढायचा तर स्थानिक पोलीस ठाणं, वाहतूक पोलीस, महापालिकेचा विभाग, जनरेटरच्या गाडीला जागा आणि गणेश मंडळाची मर्जी, एवढं सगळं जमवावं लागतं. रेल्वे स्थानक हवं असेल तर रेल्वेचं खातं वेगळं, दर वेगळे, आणि तिथे राज्याचं चालत नाही. चित्रनगरीत जेल, कोर्ट, देऊळ, तळं सगळं एका फेरीत आहे. आमच्या कला दिग्दर्शकाने चाळीचा अर्धा जिना आणि एक गॅलरी तिथेच उभी केली. संध्याकाळ झाली की वॉचमन स्पॉटदादांना सांगायचा, ‘एकटे झाडीकडे जाऊ नका.’ बिबट्या तिथे खरोखर येतो, सेटवर शिरल्याच्या बातम्याही झालेल्या आहेत.

इथे मालिकांबद्दल थोडं सांगायला हवं. चित्रनगरीत फिरलात तर हिंदी मालिकांचे आणि रिअ‍ॅलिटी शोंचे सेट वर्षानुवर्षं उभे दिसतील. मालिकेला अनुदान नको असतं. तिला रोज सकाळी सातला दरवाजा उघडणारी जागा, वीज आणि परवानगी लागते. महामंडळ तिला तेच देतं आणि त्याचं भाडं घेतं. मराठी चित्रपटाचा आधार मात्र मालिका आहे. आमची नायिका एका रोजच्या मालिकेत होती. तिच्या तारखा महिन्याला आठ मिळायच्या, म्हणून शेड्यूल तीन तुकड्यांत कापावं लागलं. कॅमेरामनचे सहायक, मेकअपदादा, साउंडवाला, सगळे मालिकेतून उसने घेतलेले. मालिका त्यांचं घर चालवते, म्हणून ते कमी पैशांत चित्रपट करू शकतात. सरकारच्या कुठल्याही कागदावर ही मदत लिहिलेली नसते, पण माझ्या खात्यात ती रोज दिसते.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, तो दिवस. शेवटचा प्रसंग बंद गिरणीच्या आवारात, रात्री, पावसात व्हायचा होता. दोन रात्री, पाण्याचे टँकर, मोठे लाइट, जागेचं भाडं आणि सुरक्षा मिळून चार लाख दहा हजारांचा अंदाज मीच काढला होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात सहा लाख उरले होते आणि डबिंग, डीआय म्हणजे चित्राचे रंग जुळवण्याचं काम, पार्श्वसंगीत सगळं पुढे होतं. निर्मातीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. प्रसंग चित्रनगरीतल्या त्याच अर्ध्या जिन्यावर, कोरडा, एका रात्रीत उरकला. दिग्दर्शक काही बोलला नाही. त्याने फक्त स्क्रिप्टचं ते पान घडी करून खिशात घातलं.

नियमाप्रमाणे एक खेळ

जून २०१९ मध्ये पेडर रोडवरून सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं. २ ऑगस्टचा शुक्रवार ठरला.

मल्टिप्लेक्सने मराठी चित्रपटाला चांगल्या वेळेचा खेळ द्यावा, असा निर्णय राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये घेतला. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, गदारोळ झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. त्या निर्णयामागची कळकळ खरी होती, हे मी आजही मानते. मुंबई ही मराठी माणसाची राजधानी, आणि तिथेच मराठी चित्रपट सकाळी साडेनऊला लागायचा, हे चित्र लाजिरवाणं होतं.

पण नियम ‘मराठी चित्रपट’ एवढंच म्हणतो, कोणता ते म्हणत नाही. आमच्या आठवड्यात आणखी मराठी चित्रपट चालू होते, त्यातला एक मोठ्या वाहिनीचा होता. मल्टिप्लेक्सने संध्याकाळचा खेळ त्याला दिला आणि नियम पाळला गेला. आम्हाला ठाण्यात सकाळी पावणेअकरा, मुलुंडला सव्वाअकरा, अंधेरीला एकच खेळ, तोही वार बदलून. आमच्या चित्रपटाचा प्रेक्षक कामावरून सुटून, सासूला बरोबर घेऊन, रात्रीच्या जेवणाआधी बघणारा. तो मंगळवारी पावणेअकराला कसा येणार? एक खेळ राखीव ठेवला की तो आपसूक सर्वांत बळकट मराठी चित्रपटाकडे जातो. छोट्याला हिंदीशी झगडायचं नसतंच, त्याआधी त्याला आपल्याच थोरल्या भावाशी झगडावं लागतं.

नशीबही फिरलं. प्रदर्शनाच्या पहिल्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. कोल्हापूर म्हणजे मराठी चित्रपटाचं माहेर, आमच्या वितरकाची अर्धी आशा तिथे होती. पण लोक छतावर बसलेले असताना चित्रपटाचं काय बोलायचं? निर्मातीने उरलेल्या जाहिरातीच्या पैशांतून पन्नास हजार पूरग्रस्तांना पाठवले. मी हिशेबात ते ‘प्रसिद्धी’खाली घालू का विचारलं, तर ती रागावली. पंधरा ऑगस्टला दोन मोठे हिंदी चित्रपट आले आणि आमचे खेळ उतरले.

सगळी मिळून चोवीस हजारांच्या आसपास तिकिटं गेली, सरासरी १४० रुपये दराने. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४०पैकी २१ रुपये कर. उरलेल्या ११९चे निम्मे चित्रपटगृहाचे. ५९ रुपये आपल्या बाजूला आले. त्यातून वितरकाचं कमिशन आणि डिजिटल प्रक्षेपणाचे पैसे गेले. निर्मातीच्या हातात चित्रपटगृहांतून एकूण साडेनऊ लाख पडले.

जीएसटीआधी, म्हणजे १ जुलै २०१७पूर्वी, मराठी चित्रपटाला राज्यात करमणूक कर नव्हता आणि हिंदीला तो भरमसाट होता. ती मोठी, न दिसणारी मदत होती, आणि तिकीट विकलं जातानाच हातात पडत होती. एका रात्रीत ती संपली. त्याआधीच्या काळात, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून, करपरताव्याची योजना होती. मराठी निर्मात्याने भरलेला करमणूक कर सरकार परत द्यायचं, पण पुढच्या चित्रपटासाठी. जुने प्रॉडक्शन मॅनेजर आजही त्या योजनेबद्दल आदराने बोलतात, कारण तिने माणसाला दुसरा चित्रपट करायला लावलं.

निर्मातीने मला एकदा विचारलं, ‘ताई, आज करपरतावा असता तर आपल्याला किती आले असते?’ मी गणित मांडलं. राज्याच्या वाट्याचा ९ टक्के जीएसटी पूर्ण परत मिळाला असता, तरी आमच्या तिकिटांवर तो अडीच लाखांच्या आसपास भरला असता. त्यामुळे जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. करपरतावा चाललेल्या चित्रपटाला जगवायचा, आमच्यासारख्याला नाही. आमच्यासारख्यांसाठी नंतर दर्जावर आधारलेलं अनुदान आलं, आणि तो विचार मुळात चांगलाच आहे.

फाईल

दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी राज्य सरकार महामंडळामार्फत अर्थसहाय्य देतं. समिती चित्रपट पाहते, गुण देते. त्या वेळच्या दरांनुसार ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख. पावणेदोन कोटींच्या चित्रपटात ही रक्कम काही लहान नाही. छोट्या निर्मात्याच्या घरी या तीस-चाळीस लाखांवर मुलांच्या शिक्षणाचे बेत ठरतात.

प्रदर्शनाच्या धावपळीतून मोकळे झाल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये आम्ही अर्जाला बसलो. इथे चूक आमची झाली, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. सेन्सॉर प्रमाणपत्र होतं, लेखापरीक्षित खर्च होता, शीर्षकाची नोंदणी होती. पण मूळ कथेच्या हक्कांचा कागद म्हणजे वहीच्या पानावर दोन ओळी आणि सही. मुद्रांक नाही, साक्षीदार नाही. कथालेखक दिग्दर्शकाचे जुने स्नेही, त्यांच्याकडे करार काय मागायचा, असं सगळ्यांना वाटलं होतं. आणि जुलैमध्ये ते वारले. त्यांची पत्नी पुण्याला, मुलगा परदेशात. वारसांची संमती, नोटरी, कुरिअर यांत डिसेंबर उजाडला. बाई फार समजूतदार होत्या. त्यांनी पैसे मागितले नाहीत, फक्त श्रेयनामावलीत नावापुढे ‘कै.’ लावा म्हणाल्या.

अर्ज पूर्ण झाला आणि तीन महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, चित्रपटगृहं आणि चित्रीकरणं बंद झाली. पाठोपाठ सगळं राज्य बंद. समितीने चित्रपट पाहायचा तर तिला एका खोलीत एकत्र बसावं लागतं, आणि त्या वर्षी कुणीच एका खोलीत बसत नव्हतं. कोणाला दोष द्यावा अशी ती गोष्ट नव्हती. चित्रपटगृहं नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांनी उघडली. आमचा चित्रपट समितीपुढे त्यानंतर गेला. दर्जा ‘ब’ आला. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीला निर्मातीच्या खात्यात ३० लाख जमा झाले. तिने मला बँकेच्या संदेशाचा फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं.

मी त्या संध्याकाळी हिशेब जुळवला. साठ लाखांवर महिना दोन टक्के, अठ्ठावीस महिने : ३३ लाख ६० हजार.

अनुदान ३० लाख.

साथ आली नसती आणि पैसे मार्च २०२० मध्येच मिळाले असते, तरी सतरा महिन्यांचं व्याज २० लाख ४० हजार झालं असतं. म्हणजे सगळं सुरळीत होऊनही दहातले जवळजवळ सात रुपये फायनान्सरकडेच गेले असते. सरकारने दर्जेदार मराठी चित्रपटासाठी काढून ठेवलेला पैसा दर्जापर्यंत पोचतच नाही, तो वाटेत व्याजात जिरतो. वाहिनीचे ४२ लाख हप्त्याहप्त्याने आले, इतर हक्कांचे पाच. सगळी जमा धरून साडेशहाऐंशी लाख, खर्च व्याजासकट २ कोटी ११ लाख ६० हजार.

आणि तो ‘ब’. समितीने का दिला, हे कुणी कुणाला सांगत नाही, सांगूही नये. पण मी तो चित्रपट अकरा वेळा पाहिला आहे. शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि जिन्यावर येऊन ढिला पडतो. तिथे गिरणीचं आवार हवं होतं, पाऊस हवा होता. माझ्या मते डिसेंबर २०१८ मध्ये नसलेल्या चार लाख दहा हजारांनी आमचे फेब्रुवारी २०२१चे दहा लाख घालवले. दर्जा पाहून पैसे देणारी योजना, दर्जा घडत असतानाच्या त्या रात्री हजर नव्हती. ‘नाही’ म्हणून मान हलवली होती ती मी, आणि हिशेबनीस म्हणून ती बरोबर होती. चित्रपटासाठी ती चूक होती.

काय करता येईल

यासाठी जास्त पैसे लागत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. त्याच तीस-चाळीस लाखांतला एक भाग पटकथा आणि अंदाजपत्रक तपासून चित्रीकरण चालू असताना दिला, उरलेला दर्जा ठरल्यावर, तर साठ लाखांचं कर्ज पंचेचाळीसवर आलं असतं. जोखीम आहे. अर्धवट सोडलेले चित्रपट असतात, पैसे घेऊन गायब होणारेही असतात. मी दोन्ही पाहिले आहेत. म्हणून पहिला हप्ता शेड्यूलच्या निम्म्या टप्प्यावर, रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, आणि खर्चाची व्हाउचर दाखवल्यावर द्यावा. चित्रीकरणाचा अर्धा टप्पा गाठलेला निर्माता सहसा पळत नाही, त्याचं घरच त्यात अडकलेलं असतं. एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, १९७५ साली मुंबईतच सुरू झालं आणि ते निर्मितीतच पैसे घालत आलं. तेव्हा सरकारी संस्थेने चित्रपट पूर्ण होण्याआधी हात पुढे करणं हे काही नवल नाही.

पडद्याचा प्रश्न याहून अवघड. केरळच्या चित्रपट विकास महामंडळाकडे स्वतःची चित्रपटगृहं आहेत, तिरुवनंतपुरमच्या कैरळी, श्री आणि निळाचं नाव तिथल्या प्रत्येक सिनेमावेड्याला ठाऊक असतं. आपल्याकडे चित्रनगरी आहे, कोल्हापूरलाही एक आहे, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर राज्याचंच आहे. चित्रपट बनवायची जागा सरकारकडे आहे आणि दाखवायची जवळपास नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा पाचच ठिकाणी दीडशे-दोनशे खुर्च्यांचा एकेक पडदा, संध्याकाळी सातचा खेळ फक्त त्या आठवड्यातल्या छोट्या मराठी चित्रपटाला, शंभराच्या आत तिकीट. आमच्या चित्रपटाला असे चौदा खेळ मिळाले असते तर तो काही श्रीमंत झाला नसता. पण लालबागच्या त्या बायका, ज्यांच्या खोल्यांत आम्ही लाइट लावले, ज्यांनी युनिटला चहा पाजला, त्यांना तो मोठ्या पडद्यावर बघता आला असता. त्यांनी तो वर्षभराने वाहिनीवर, जाहिरातींच्या मध्ये बघितला.

दिग्दर्शक सध्या एका मालिकेचे भाग करतो, चित्रनगरीतच. फायनान्सरचं मुद्दल गेल्या वर्षी फिटलं, घर अजून सुटायचं आहे.

मागच्या महिन्यात दिग्दर्शक आणि निर्माती दोघंही अचानक माझ्याकडे आले. नवी पटकथा होती. तिने पिशवीतून एक कोरी फाईल काढून टेबलावर ठेवली, आत एकच कागद होता. कथेच्या हक्कांचा करार, पाचशेच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. तो मी नीट वाचला, मग अंदाजपत्रक मागितलं. त्यात शेवटच्या प्रसंगाची ओळ दिग्दर्शकाने सर्वांत वर लिहिली होती : दोन रात्री, पाऊस.